सफरचंदावरचा स्कॅब: डाग दिसण्याआधीचे दोन महिने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सफरचंदाची सहा झाडं, वय आठ-नऊ वर्षं. गेली तीन वर्षं पानांवर शेवाळी-काळपट डाग पडतात, भर उन्हाळ्यात पानं पिवळी होऊन गळतात, फळांवर खरखरीत काळ्या खपल्या धरतात आणि काही फळं नेमकी तिथेच तडकतात. डाग दिसल्यावर तुम्ही ताम्रयुक्त बुरशीनाशक दोनदा फवारलंत, पण फरक पडला नाही. आता कोणतं औषध मारू, की झाडंच काढून टाकू, असं तुम्ही विचारलं आहे.

झाडं काढू नका. आणि औषध बदलण्याआधी फवारणीची वेळ बदला. वर्णनावरून हा स्कॅब, म्हणजे सफरचंदाचा खपल्या रोग वाटतो. या रोगात पानावर आज दिसणारा डाग हा साधारण ९ ते १७ दिवसांपूर्वी झालेल्या लागणीचा असतो. तुम्ही पंप पाठीला लावलात तेव्हा पहिली लागण होऊन गेली होती, आणि त्या डागांतून दुसरी सुरू झाली होती. मी वीसेक वर्षं सफरचंदाच्या बागा सांभाळते आहे. स्कॅबने हातच्या गेलेल्या ज्या बागा मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांकडे औषध ठीकच होतं. ते पंधरा दिवस उशिरा पडलं होतं, एवढंच.

तरी आधी रोगाची खात्री करून घ्या, कारण पानगळ करणारा स्कॅब एकटाच नाही. एक साधं भिंग घ्या आणि डाग असलेलं कोवळं पान उजेडाकडे धरा. स्कॅबच्या डागाला नीट कापल्यासारखी कड नसते. ती पिसासारखी विस्कटलेली असते, आणि डागाचा पृष्ठभाग ऑलिव्ह रंगाच्या मखमलीसारखा दिसतो. ती मखमल म्हणजेच बीजाणूंचं पीक. पान उलटून मागची बाजूही बघा, वसंतातले पहिले डाग पुष्कळदा तिथेच असतात. डाग जुना झाला की तपकिरी होतो आणि पान त्या जागी थोडं फुगून वाकडं होतं. फळावर कडा असलेली काळी खपली येते, बोटाने पुसली तरी निघत नाही. खपलीखालची साल वाढत नाही, आतला गर मात्र वाढत राहतो, म्हणून फळ तिथे तडकतं. पुसल्यावर निघून जाणारी काजळी असेल तर तो वेगळा आणि बराच सौम्य रोग आहे. पानं उशिरापर्यंत स्वच्छ होती, मग एकाएकी पिवळी पडली, डागांवर बारीक काळे ठिपके आहेत आणि फळं जवळपास निरोगी आहेत, असं असेल तर मार्सोनिना या दुसऱ्या बुरशीच्या पानगळ रोगाचा संशय घ्या. त्याच्या फवारण्या उन्हाळ्यात पुढे सरकतात, म्हणून हा फरक आधी ओळखलेला बरा. तुमच्या फळांवर खपल्या आहेत आणि ती तडकताहेत, त्यामुळे माझा कल स्कॅबकडेच आहे.

आणखी एक शक्यता. फळधारणेनंतर ताम्र फवारलं की कोवळ्या फळाची साल तपकिरी, जाळीदार, खडबडीत होते. तुम्ही म्हणता ती खरखर काही फळांवर ताम्रामुळेही आलेली असू शकते. खपली ठिपक्यासारखी, काळपट आणि कडा असलेली असते. ताम्राची खरखर सालीवर पसरलेली आणि कडा नसलेली. दोन-चार फळं शेजारी ठेवून पाहिलीत की फरक लगेच कळेल.

आता ही बुरशी वर्षभर काय करते ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तिचं शास्त्रीय नाव व्हेंच्युरिया इनइक्वॅलिस. बीजाणूच्या दोन पेशी असमान असतात, म्हणून ‘इनइक्वॅलिस’. हिवाळ्यात ती मुख्यतः झाडाखाली पडलेल्या रोगट पानांत राहते. त्या कुजत्या पानांत तिची बारीक काळी फळपिंडं तयार होतात. हिवाळा संपताना असं एक पान उचलून अंगठा फिरवलात तर मिरपूड भुरभुरल्यासारखी खरखर लागते. एकेका पिंडात कित्येक पिशव्या आणि प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू असतात. झाडाचे डोळे फुटून हिरवं टोक दिसू लागतं, साधारण तेव्हाच हे बीजाणू पक्व व्हायला लागतात. पाऊस पडून जुनी पानं भिजली की ते हवेत फेकले जातात आणि वाऱ्याबरोबर वर जाऊन कोवळ्या पानांवर बसतात. गुलाबी कळी ते पाकळ्या गळणं या काळात हा मारा सर्वांत जोराचा असतो. पाकळ्या गळल्यावर दोन-तीन आठवड्यांत साठा संपत येतो. म्हणजे पहिल्या लागणीचा काळ धरून चालायचं तर दोन महिन्यांच्या आसपास.

या दोन महिन्यांत पान स्वच्छ राहिलं तर उरलेलं वर्ष बऱ्यापैकी निर्धास्त जातं. नाही राहिलं, तर प्रत्येक डागातून हजारो नवे बीजाणू निघतात, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या पानांवर आणि फळांवर पडतात, आणि हे चक्र पावसागणिक फिरत राहतं. या दुसऱ्या टप्प्यात तुम्ही कितीही फवारलंत तरी रोग जेमतेम रोखला जातो, हटत नाही. गेली तीन वर्षं तुमचं हेच झालं आहे.

मग त्या दोन महिन्यांत फवारायचं केव्हा? इथे ओल मोजावी लागते. बीजाणू पानावर पडला म्हणजे लागण झाली असं नाही. तो रुजून आत शिरायला पान काही तास सलग ओलं राहावं लागतं, आणि किती तास ते तापमानावर ठरतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या मिल्स यांनी १९४४ मध्ये याचा तक्ता मांडला; पुढे १९८९ मध्ये मॅकहार्डी आणि गॅडुरी यांनी तो सुधारला, आणि त्यानंतरही थंडीतले आकडे आणखी नेमके झाले. मी जे आकडे वापरते ते असे: १६ ते २४ अंश सेल्सिअसला ६ तास ओल पुरते, १० अंशांना ११ तास, ६ अंशांना १८ तास, आणि २ अंशांच्या कडाक्यातही ३५ तासांत लागण होते. ‘एवढ्या थंडीत कसला रोग’ म्हणून पहिली फवारणी टाळणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी हा शेवटचा आकडा आवर्जून सांगते.

मोजताना एक चूक बहुतेकांची होते. पाऊस किती तास पडला हे मोजलं जातं, पान किती तास ओलं होतं हे नाही. माझ्या वहीतली एक नोंद सांगते. कळी गुलाबी झाली होती. दुपारी चारला पाऊस सुरू झाला आणि रात्री नऊला थांबला. पाचच तासांची भुरभुर, जमीनसुद्धा नीट भिजली नव्हती. रात्रभर ढग, वारा नाही, तापमान ९ अंश. सकाळी सातला मी बागेत गेले तेव्हा पानांच्या कडांना अजून थेंब लटकत होते. म्हणजे ओल झाली पंधरा तास, आणि ९ अंशांना बारा-साडेबारा तास पुरतात. ज्या रांगेत आदल्या दिवशी फवारणी झाली होती ती स्वच्छ राहिली. कोपऱ्यातली चार झाडं पंप बिघडल्यामुळे राहून गेली होती. पंधरवड्याने त्या चारही झाडांच्या घोसांतल्या पहिल्या पानांवर मखमल दिसली, आणि त्या झाडांवर पुढे सगळा हंगाम फवारत राहावं लागलं. एका रात्रीची किंमत किती असते ते मी त्या वर्षी पाहिलं.

तुम्हाला यासाठी महागडं यंत्र लागत नाही. एक थर्मामीटर, एक पर्जन्यमापक आणि एक वही पुरे. पाऊस सुरू झाल्याची वेळ लिहा, पानं सुकल्याची वेळ लिहा, मधलं सरासरी तापमान लिहा. मध्ये चार तास पानं सुकली आणि पुन्हा भिजली तर मी दोन्ही ओले काळ एकत्र धरते. पानातले बीजाणू मुख्यतः दिवसाउजेडी सुटतात, म्हणून रात्री सुरू झालेल्या पावसाचे तास काही जण सूर्योदयापासून मोजतात. मागच्या वर्षी रोग फार होता अशा बागेत मी ही सवलत घेत नाही, आणि तुमची बाग सध्या त्याच गटात आहे.

औषधांकडे वळते. स्पर्शजन्य बुरशीनाशकं, उदाहरणार्थ कॅप्टन, मॅन्कोझेब, गंधक, ताम्र, ही पानाच्या वरच राहतात आणि बीजाणू रुजू देत नाहीत. ती पावसाच्या आधी पानावर असायला हवीत. आत शिरलेल्या बुरशीवर त्यांचा जोर चालत नाही. कॅप्टनचा थोडाफार मागे जाऊन परिणाम होतो, पण तोही जेमतेम दिवसभराचा. दुसरा गट आंतरप्रवाही आणि अंशतः आत शिरणाऱ्या औषधांचा: डायफेनोकोनॅझोल, मायक्लोब्युटानिल, सायप्रोडिनिल अशी. लागण झाल्यावर साधारण दोन ते तीन दिवसांत ती पडली तर बुरशीला आतच थोपवतात. डाग दिसू लागल्यावर मात्र त्यांच्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. स्कॅबची बुरशी पानाच्या वरच्या पातळ आवरणाखाली पसरते, आणि ते आवरण फाडून बीजाणू बाहेर आले की तो डाग काही पुसला जात नाही.

माझी पद्धत अशी. हिरवं टोक दिसलं की एक ताम्राची फवारणी. ताम्राची जागा तीच. फळ धरल्यावर मी ते हातात घेत नाही. त्यानंतर पाकळ्या गळून दोन-तीन आठवडे होईपर्यंत पावसाचा अंदाज आला की आदल्या दिवशी स्पर्शजन्य औषध. पाऊस नाही, हवा कोरडी आहे, तर फवारणी नाही. पाऊस सतत असेल तर मात्र सात दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवत नाही. याचं कारण पाऊस एकटाच नाही. वसंतात फांदीच्या शेंड्याला दर दोन-चार दिवसांनी नवं पान फुटतं. सोमवारी फवारलंत तर शुक्रवारी उघडलेल्या पानावर औषधाचा कणही नसतो, आणि कोवळं पानच या रोगाला सर्वांत जास्त बळी पडतं. औषध किती धुपलं याचा माझा अंदाज पर्जन्यमापकावरून: २५ मिलिमीटरपर्यंत थर टिकला असं धरते, त्यापुढे अर्ध्यावर आला, आणि ५० च्या पुढे गेला की नव्याने फवारते. आत शिरणारं औषध मी राखून ठेवते. एखादी फवारणी हुकली आणि वहीतले तास सांगताहेत की लागण झाली, तेव्हाच ते काढते, आणि तेही स्पर्शजन्य औषधाच्या जोडीने.

राखून ठेवण्यामागे कारण आहे. ही बुरशी औषधांना फार लवकर सरावते. डोडीन एके काळी रामबाण होतं, पुढे बेनोमिल आलं. दोन्हींना दाद न देणारी बुरशी काही वर्षांतच बागांत दिसू लागली. ट्रायझोल (वरची डायफेनोकोनॅझोल, मायक्लोब्युटानिल याच गटातली) आणि स्ट्रोबिलुरिन या बुरशीनाशकांच्या गटांचंही अनेक भागांत तेच झालं. म्हणून एकाच गटाचं औषध लागोपाठ मारू नका. आणि त्याने काम केलं नाही तर मात्रा वाढवू नका, गट बदला. कॅप्टन, मॅन्कोझेब यांसारखी औषधं बुरशीच्या अनेक क्रियांवर एकदम घाव घालतात, म्हणून ती इतकी वर्षं टिकली आहेत.

तुमच्याकडे यातली कोणती औषधं मंजूर आहेत, काढणीच्या किती दिवस आधी ती बंद करायची आणि मात्रा किती, हे जागेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतं. त्यासाठी लेबल हाच आधार. दोन गोष्टी मात्र सगळीकडे लागू आहेत. कॅप्टन किंवा गंधक आणि किडींसाठी झाडावर मारतात ते बागायती तेल यांची फवारणी एकत्र किंवा जवळजवळच्या दिवसांत करू नका, पानं भाजतात. आणि गंधक कडक उन्हात, तिशीच्या आसपासच्या तापमानात मारू नका, त्यानेही पानं करपतात. फुलोऱ्यात फवारावं लागलं तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी. कीटकनाशक त्या पंपात कधीही नको.

फवारा कसा बसतो हेही तपासा. सहा झाडं हातपंपाने करताना बहुतेक माणसं समोरचं, खांद्याच्या उंचीचं झाड भिजवतात आणि शेंडा कोरडा राहतो. फवारणी झाल्यावर शिडी लावून वरच्या तिसऱ्या भागातली पानं उलटून बघा. तिथे मागची बाजू ओली नसेल तर ते झाड फवारलेलं नाही असंच समजा.

इतकी वर्षं हे केल्यावर मला सर्वांत मोलाचं काम कोणतं वाटतं, असं विचाराल तर उत्तर पंपाबाहेरचं आहे. ते म्हणजे झाडाखालची पानं. पुढच्या वसंतात जे बीजाणू उडणार आहेत त्यांतले बहुतेक तुमच्याच सहा झाडांखालून उडतील. हे बीजाणू फार लांब पुरेशा संख्येने जात नाहीत, त्यामुळे शेजारी दुर्लक्षित झाड असलं तरी तुमची सफाई वाया जात नाही. पानगळ पूर्ण होत आली की पानं गोळा करून दूर न्या, किंवा नीट तापणाऱ्या कंपोस्टच्या ढिगात खोल घाला. गोळा करणं शक्य नसेल तर गवत कापायच्या यंत्राने दोन-तीनदा फिरून त्यांचा चुरा करा. मात्र बुंध्यालगत आणि कुंपणाच्या कडेला अडकलेली पानं दाताळ्याने आधी मोकळ्यात ओढून घ्या. जवळपास सगळी पानं यंत्राखालून गेली तर वसंतातले बीजाणू ८० ते ९० टक्क्यांनी कमी होऊ शकतात. कोणतंही औषध न वापरता एवढा फायदा या रोगात दुसऱ्या कशाने होत नाही.

त्याला युरियाची जोड द्या: ५ टक्के द्रावण, म्हणजे १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम, जमिनीवर पडलेल्या पानांवर नीट भिजेल असं. नत्र मिळालं की पान कुजवणारे सूक्ष्मजीव आणि गांडुळं त्यावर तुटून पडतात, पान वसंताआधीच विरघळतं आणि बुरशीची फळपिंडं नीट तयार होत नाहीत. घाई मात्र करू नका. झाडावर हिरवी पानं असताना युरिया मारलात तर झाड ते नत्र घेतं, विश्रांतीत जायला उशीर करतं आणि थंडीत फांद्या मार खातात. शरद ऋतूत राहून गेलं तर डोळे फुटण्याआधी वसंताच्या तोंडावर करा, तेव्हाही उपयोग होतो. हे फवारणीतलं नत्र वर्षाच्या खताच्या हिशेबात धरायला विसरू नका.

छाटणीबद्दल थोडक्यात. सुप्तावस्थेत झाड मधून उघडं करा, एकमेकींवर चढलेल्या फांद्या काढा. पाऊस थांबल्यावर पान दोन तास लवकर सुकलं तर वहीतल्या कितीतरी लागणी टळतात, आणि औषध आतपर्यंत पोचतं. तुषार सिंचन असेल तर पाणी पानांवर पडू देऊ नका, निदान संध्याकाळी तरी नको.

पुढे नवी झाडं लावणार असाल तर रोगाला न जुमानणाऱ्या जाती बघा. १९७० ची प्रिमा, १९७८ ची लिबर्टी आणि त्यांच्यानंतरच्या बऱ्याच जातींत मॅलस फ्लोरिबुंडा या जंगली सफरचंदाकडून आलेला एक प्रतिकारक जनुक आहे. पण त्यावरही मात करणारे बुरशीचे प्रकार युरोपात १९९० च्या दशकापासून सापडले आहेत. म्हणून अशा झाडाखालचीही पानं उचला आणि सुरुवातीच्या एक-दोन फवारण्या ठेवाच. मॅकिंटॉश, गाला, रेड डेलिशस यांना स्कॅब सहज धरतो. तुमची जात कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. या तिघांपैकी असेल तर वर सांगितलेल्यात ढिलाई चालणार नाही.

आता या वर्षीचं. सध्या झाडावर डाग आहेत आणि पानं गळताहेत, तर उरलेल्या हंगामात फळं वाचवण्यापुरतं करा. कोरडा काळ असेल तर काही फवारू नका, ओलीशिवाय रोग पुढे सरकत नाही. पावसाची झड येणार असेल तर तिच्या आधी कॅप्टनसारखं स्पर्शजन्य औषध, काढणीचं अंतर पाळून. ताम्र थांबवा. आंतरप्रवाही औषध आता मुळीच नको: झाडावर लाखो बीजाणू असताना ते मारणं म्हणजे त्यांतून न मरणारे निवडून पुढे पाठवणं. फळ मोठं होत जातं तसं त्याला लागण व्हायला जास्त तासांची ओल लागते, पण काढणीच्या तोंडावर लांबलेला पाऊस झाला तर साठवणीत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके उमटतात. अशी फळं आधी संपवा, ठेवणीची वेगळी निवडा. खपली असलेलं फळ खायला निर्धोक असतं. साल काढली की आतला गर चांगला असतो. तडकलेली फळं मात्र ठेवू नका, फटीतून कुजतात.

सलग तीन वर्षं पानं अवेळी गळल्यामुळे झाडं अशक्त झाली असणार, पुढच्या वसंतात फुलोरा कमी दिसला तर घाबरू नका. फळं धरली तर लवकर विरळणी करा आणि झाडावर ओझं कमी ठेवा. साठा इतका मोठा असताना एका वर्षात बाग स्वच्छ होईल असं मी सांगणार नाही. पानं नीट उचलली आणि पहिले दोन महिने सांभाळले तर पहिल्या वर्षी फळांवरचा रोग ठळकपणे कमी दिसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फवारण्यांची संख्याही खाली आणता येते.

पाकळ्या गळून तीन आठवडे झाले की एका सकाळी भिंग घेऊन प्रत्येक झाडाच्या वीस-वीस फांद्या बघा, प्रत्येक पान उलटून. एकही मखमली डाग नसेल तर फवारण्यांमधलं अंतर वाढवा. डाग सापडले तर कोणत्या झाडावर, किती उंचीवर, घोसातल्या पहिल्या पानांवर की शेंड्याकडच्या, ते वहीत लिहा. घोसातल्या पहिल्या पानांवर असतील तर कळीच्या आधीची फवारणी कमी पडली आहे. शेंड्याकडच्या पानांवर असतील तर फुलोऱ्यानंतरचं अंतर लांबलं आहे. फक्त वरच्या तिसऱ्या भागात असतील तर फवारा तिथपर्यंत पोचलेला नाही. त्या वर्षीच्या पावसाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्यात की नेमकी कोणती ओली रात्र हुकली तेही बहुतेक वेळा सापडतं.